तिसरा भाग: नवशिक्या वाचकांसाठी वापराच्या सूचना

पहिले दोन भाग झपाट्याने वाचून झाले, तिसरा हातात आला आणि पाचशेहून जास्त पानांचा ऐवज बघून धीर सुटला, अशा वाचकांची डोंबिवली-कल्याणात वानवा नाही. या सूचना त्यांच्यासाठी. सरावाला फिलिप पुलमन यांची 'हिज डार्क मटेरियल्स' ही त्रयी घेतली आहे: 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५), 'द सटल नाइफ' (१९९७) आणि 'द अंबर स्पायग्लास' (२०००). या तिसऱ्या पुस्तकाने २००१ सालचा 'व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर' हा ब्रिटिश पुरस्कार मिळवला. मुलांच्या पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. घरी कोणी "अजून पोराटोरांचीच पुस्तकं वाचतोस?" असं म्हटलं, तर हे वाक्य तोंडपाठ असावं.

इशारा: पुढे शेवट फोडलेला आहे.

साहित्य

तिन्ही भाग, एक पेन्सिल, रेल्वेचा पास. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि डोंबिवलीकरांना पै फ्रेंड्स लायब्ररी ठाऊक नाही असं होत नाही. एवढ्या सोयीतही दुसरा भाग नेमका शेजारच्या विंगमधल्या मुलीने नेलेला असतो. तिची परीक्षा संपेपर्यंत थांबावं. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारू नये.

पायरी १: आधी उलट जा

सकाळी ठाण्याला जायचं असलं तरी मुरलेला डोंबिवलीकर आधी कल्याणची गाडी पकडतो, तिथे जागा धरतो आणि त्याच गाडीने बसून परत येतो. तिसऱ्या भागाचंही तसंच आहे. आधी मागे जाऊन दुसऱ्या भागाची शेवटची पन्नासेक पानं पुन्हा वाचावीत. नाहीतर सगळा प्रवास दारात लोंबकळून होतो आणि कोण कोणाच्या बाजूने लढतंय ते ठाणं आलं तरी कळत नाही.

पायरी २: प्रकरण बघून जागा निवडा

धीम्या गाडीने डोंबिवली ते ठाणे पंचवीसेक मिनिटं लागतात. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा एवढ्यात एक बऱ्यापैकी प्रकरण उरकतं. अपवाद एकच. नायिका लायराच्या जगात माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत चालतो. मृतांच्या देशात जाताना लायराला आपल्या जिवाला, पॅनला, काठावर सोडून जावं लागतं. हे प्रकरण चौथ्या सीटवर उघडू नये. अर्धं बूड टेकवून धड रडताही येत नाही. ते ठाण्याच्या तलावपाळीच्या बाकावर बसून वाचावं. तिथे कोणी चौकशी करत नाही.

पायरी ३: स्वतःचा तिसरा भाग बाजूला ठेवा

दोन भागांच्या मधल्या काळात वाचक गप्प बसत नाही, मनात पुढचं रचत राहतो. पुलमन यांच्या वाचकांना तिसऱ्या भागासाठी तीन वर्षं मिळाली. आपल्या मुंबईच्या अमीश त्रिपाठींच्या शिवत्रयीतही दुसरा भाग २०११ मध्ये आला आणि तिसरा २०१३ मध्ये. तेवढ्या वेळात लोकांनी लग्नं लावली, शत्रू मारले, मेलेले उठवले. मग खरं पुस्तक येतं आणि त्यात यातलं काहीच नसतं. निम्मी नाराजी इथली असते. ती लेखकाच्या खात्यावर मांडू नये.

पायरी ४: हिशेब जुळवा

ही मुख्य पायरी. शेवट आवडला का, हा प्रश्न नंतरचा. आधी बघावं, की लेखकाने पूर्वी घातलेल्या अटींतूनच तो शेवट निघतो का?

दुसऱ्या भागात विल नावाच्या मुलाला एक सुरी मिळते. तिने हवेत खिडकी कापली की दुसऱ्या जगात जाता येतं. वाचक खूश. बिल तिसऱ्या भागात येतं: उघड्या खिडक्यांतून 'डस्ट', म्हणजे जगांचं चैतन्यच, गळून जातंय आणि प्रत्येक नव्या कापाबरोबर एक भूत जन्माला येतंय. खिडक्या बुजवायलाच हव्यात. एकच उघडी ठेवता येईल आणि ती मृतांना बाहेर पडण्यासाठी लागणार. परक्या जगात माणूस फार वर्षं तगत नाही, हेही विलच्या वडिलांवरून कळलेलं असतं. म्हणून नुकतेच प्रेमात पडलेले विल आणि लायरा आपापल्या जगात परततात. वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यातल्या ठरलेल्या दुपारी, ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातल्या त्याच बाकावर दोघं बसणार. बाक एक, जगं दोन.

"दोघांसाठी एक खिडकी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" असं प्रत्येक नवशिका विचारतो. बिघडलं असतं ते पुस्तक. आधीचे दोन्ही भाग फुकटच्या जादूचे ठरले असते.

पायरी ५: खोट दिसली तर पेन्सिलीने खूण करा

पुरस्कार मिळालाय म्हणून गप्प बसू नये. लॉर्ड अ‍ॅस्रिएल पहिल्या भागापासून थेट स्वर्गाशी युद्धाची तयारी करतो, आणि त्या स्वर्गाचा जख्ख म्हातारा अधिपती तिसऱ्या भागात जाताजाता विरून जातो. आपण काय पाहिलं, हे त्याला बाहेर काढणाऱ्या मुलांनाही कळत नाही. कल्पना धारदार आहे, पण दोन भाग वाजवलेल्या नगाऱ्यांचं काय? शिवाय चाकांवर धावणारे मुलेफा, चतुरावर बसणारे वीतभर हेर, देवदूत, मारेकरी पाद्री असे इतके जण एकाच पुस्तकात चढतात, की मधली शंभर पानं दाटीची होतात. हिशेब लायराचा चोख आहे, अ‍ॅस्रिएलचा नाही.

नेहमीच्या शंका

सिनेमा पाहिला तर चालेल का? २००७ चा सिनेमा पहिल्या भागावर थांबला. दुसरीकडे उतरून रिक्षा शोधावी लागेल.

हा भाग खरंच शेवटचा का? या त्रयीचा, हो. पण पुलमन यांनी २०१७ मध्ये त्याच जगाची दुसरी त्रयी सुरू केली आणि तिचा तिसरा भाग २०२५ मध्ये आला. प्रकाशनाच्या धंद्यात 'शेवटचा' हा शब्द जपून वाचावा.

पायरी ६: मत द्या

मृतांच्या देशात हार्पी पहारा देतात, चेहरा बाईचा आणि अंग गिधाडाचं. लायरा त्यांना रचलेली गोष्ट ऐकवते, तेव्हा त्या 'खोटारडी' म्हणून किंचाळत अंगावर येतात. पुढे ती आपल्या गावातल्या खेळांची, भांडणांची खरी हकिगत सांगते, तेव्हा त्याच हार्पी मुकाट बसून ऐकतात. डोंबिवलीत फडके रोडच्या कट्ट्यावरही अशी एखादी असतेच. मलपृष्ठ वाचून मत ठोकणारा तिला पहिल्या वाक्याला कळतो. म्हणून तिसरा भाग कसा आहे असं कोणी विचारलं, तर 'मास्टरपीस' किंवा 'बकवास' असं एका शब्दात उरकू नका. कुठे अडलात, कुठे पानं उडवलीत आणि कुठल्या पानावर लेखकाचा राग आला, तेवढं सांगा. शेवट मात्र सांगू नका. ज्याने त्याने स्वतः चिडावं.