फायनलवाल्यांचं माहेर

मराठी माणसाला सातासमुद्रापारचा संघ आपला म्हणायला काहीतरी निमित्त लागतं. अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या अलीकडे राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ते एका आडनावात सापडलं. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे प्रमुख मालक आहेत विवेक रणदिवे. जन्म 1957चा, मुंबईतला, बालपण जुहूला. पुढे एमआयटी, मग कॅलिफोर्नियात टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी आणि 2013 साली थेट किंग्ज. एनबीए संघाचा मोठा हिस्सा हाती असलेले ते भारतीय वंशाचे पहिलेच मालक.

ही माहिती लोकलच्या ग्रुपला दिल्यावर पहिला प्रश्न बास्केटबॉलचा आलाच नाही. ‘कुठले रणदिवे? ठाण्याचे की पेणचे?’ लेखकाने सांगितलं, जुहूचे. ग्रुपचा उत्साह तिथेच मावळला. बदलापूर लोकलच्या डब्यात जुहूचं कोणीच आपल्यातलं नसतं.

लेखकाने मात्र आडनाव सोडलं नाही. जांभळी जर्सीही घेतली, उल्हासनगरहून. तिच्यावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं आहे, आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तिन्ही गावांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

एनबीए बघायला वेळ मात्र अवघड. अमेरिकेत उन्हाळ्यात रात्री साडेआठला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लागतो. म्हणजे नळाला पाणी, कुकरला शिट्टी आणि मंदिरात घंटा, सगळं एकदम. खेळाचं घड्याळ 48 मिनिटांचं असलं तरी फाउल, टाइमआउट आणि जाहिराती धरून सामना अडीच तास चालतो. परिणामी पूर्वार्ध ओट्याशेजारी आणि उत्तरार्ध गाडीत, अशी वाटणी ठरलेली. सौभाग्यवतींचं विश्लेषण याहून सुटसुटीत आहे : ‘पंधराने पुढे आहेत ना? मग संपलं. डबा घ्या आणि निघा.’

या वाक्यात आधुनिक बास्केटबॉलविषयी केवढं अज्ञान आहे, ते पुढे येईलच.

रणदिवे यांची बास्केटबॉलमधली पहिली कीर्ती मालक म्हणून नव्हे, बाप म्हणून झाली. मुलीच्या शाळकरी संघाचे ते कोच झाले. मुली उंच नव्हत्या, नेमबाजही नव्हत्या. समोरच्यांना अर्धं मैदान आरामात पार का करू द्यायचं, असा प्रश्न या बाहेरून आलेल्या गृहस्थाला पडला, आणि मुलींना सामनाभर, पूर्ण मैदानात प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर सोडण्यात आलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेलने 2009 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर मोठा लेख लिहिला. पुढे रणदिवे गोल्डन स्टेट वॉरियर्सचे भागीदार झाले. 2013 मध्ये किंग्ज संघ सिअ‍ॅटलला हलवायची बोलणी जवळपास पक्की झाली असताना त्यांनी वॉरियर्समधला हिस्सा विकला, किंग्ज घेतले आणि संघ सॅक्रामेंटोलाच ठेवला. त्या शहराने त्यांना डोक्यावर घेतलं, ते रास्तच होतं.

इकडे त्यांनी ज्यातला हिस्सा विकला, त्या वॉरियर्सनी 2015, 2017, 2018 आणि 2022 अशी चार विजेतेपदं मिळवली.

इथून पुढचा हिशोब वाचकाने हातात पेन्सिल घेऊन वाचावा. 2014 च्या डिसेंबरात किंग्जने मायकेल मलोन या कोचला काढलं. संघ 11 जिंकून 13 हरला होता, आणि त्यातले बरेचसे पराभव मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेंदूज्वरासारख्या आजाराने घरी असताना झालेले. मलोन डेन्व्हर नगेट्सकडे गेले आणि 2023 मध्ये त्या संघाला त्याचं पहिलंवहिलं एनबीए विजेतेपद मिळवून देऊन मोकळे झाले. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, किंग्जची निवड दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला. तोच डॉन्चिच 2024 मध्ये डॅलसला फायनलमध्ये घेऊन आला. आणि 2020 मध्ये किंग्जने बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन नावाचा हिरा उचलला. दोनच वर्षांत, फेब्रुवारी 2022 मध्ये, त्याला इंडियाना पेसर्सकडे देऊन टाकला. 2025 ची फायनल पेसर्सनी त्याच्याच जोरावर गाठली.

2022, 2023, 2024, 2025. लागोपाठ चार फायनल आणि चारही वेळा कोर्टवर असा कोणीतरी, जो किंग्जने काढलेला, सोडलेला, नाकारलेला किंवा त्यांच्या मालकाने विकलेला. सगळी लीग ज्याला सॅक्रामेंटो म्हणते, ते खरं तर फायनलवाल्यांचं माहेर आहे. वाढवायचं, साडीचोळी करायची आणि पाठवणी करायची.

शिवमंदिराजवळ भेटणाऱ्या एका काकांना हा हिशोब ऐकवला. हे देऊळ शके 982 म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांचं. छित्तराजाच्या काळात सुरू झालं आणि मम्मुणीच्या काळात पुरं झालं असं मानतात. काकांनी शांतपणे विचारलं, ‘म्हणजे एका राजाने काम काढायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं, ही पद्धत तुमच्या किंग्जमध्येही आहे. फक्त दुसरा राजा दुसऱ्या गावचा, इतकंच ना?’

काका कबड्डीवाले. त्यांच्या मते बास्केटबॉल हा घाईघाईचा खेळ : कबड्डीत चढाईला 30 सेकंद मिळतात, बास्केटबॉलमध्ये चेंडू टाकायला 24. ‘सहा सेकंद तर आमचेच जास्त. शिवाय आमच्यात श्वास पण धरायचा असतो.’

एनबीएचा एक संघ घरच्या अंगणात बघायची संधीही किंग्जनेच दिली. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. भारतातले पहिले एनबीए सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत हजारो शाळकरी मुलं होती. किंग्ज त्या दिवशी जादा वेळेत 131 विरुद्ध 132 असे एका गुणाने हरले, दुसऱ्या दिवशी 24 गुणांनी. मालकाच्या जन्मगावी पाहुण्यांना दोनदा जिंकू देणं हा आतिथ्याचा कळस झाला. त्या पेसर्समध्ये डोमांटास सबोनिस नावाचा धिप्पाड लिथुएनियन होता. हॅलिबर्टनला देऊन किंग्जने सव्वादोन वर्षांनी आणला तो हाच.

सबोनिसच्या बाजूनेही बोलायला हवं. किंग्ज 2006 नंतर सलग 16 सीझन प्लेऑफला गेले नव्हते. एनबीएतला हा विक्रमच. सबोनिस आला आणि 2023 मध्ये हा दुष्काळ संपला. त्या सीझनमध्ये जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा लेझर सोडायची प्रथा सुरू झाली आणि सगळं शहर ‘लाइट द बीम’ ओरडू लागलं. पहिल्या फेरीत गाठ पडली ती, अर्थातच, वॉरियर्सशी. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. सॅक्रामेंटोमधला तो सामना आपल्याकडे 1 मे 2023 च्या रात्री एकला सुरू झाला. महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर जुहूच्या रणदिव्यांचा संघ जिंकणार, असं लेखकाने ग्रुपवर जाहीर केलं होतं. स्टेफन करीने 50 गुण केले. सातव्या सामन्यात तोवर कोणीच इतके केले नव्हते. किंग्ज 100, वॉरियर्स 120. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी गाडीत कोणाला तोंड दाखवावं लागलं नाही.

आता वरच्या संघांची तुलना. ही करायला किंग्जचा चाहता सर्वांत लायक, कारण त्याला स्वतःच्या संघाची काळजी करत बसावं लागत नाही.

2024 चे विजेते बॉस्टन सेल्टिक्स. त्यांचा सगळा विश्वास अंकगणितावर : तीन हे दोनपेक्षा मोठे, म्हणून लांबून मारा. 2024-25 मध्ये त्यांचे निम्म्याहून जास्त फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते. इतका मोठा वाटा त्याआधी कोणत्याच संघाचा नव्हता. मग दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यांनी असे 60 फटके मारले आणि 45 हुकवले. वीस गुणांची आघाडी घालवून सामना गेला. पुढचाही तसाच गेला आणि शेवटी मालिका गेली. अंकगणित बरोबर होतं, फक्त चेंडू रिंगवर आपटत होता.

इंडियाना पेसर्सचा भरवसा पायांवर. पळायचं, चेंडू एका हातात टिकू द्यायचा नाही आणि समोरचा दमेपर्यंत थांबायचं नाही. नियमित सीझनमध्ये 50 जिंकले, 32 हरले. डोळ्यांत भरावं असं काही नाही. ओक्लाहोमा सिटी थंडरचं बरोबर उलट : 68 जिंकले, 14 हरले, आणि सरासरी फरक जवळपास 13 गुणांचा, लीगच्या इतिहासातला सर्वाधिक. त्यांचं बळ डिफेन्समध्ये. समोरच्याच्या हातातला चेंडू काढून घ्यायचा आणि तो चुकला कुठे हे त्याला कळायच्या आत पलीकडे बास्केट करायची. एक दमला की बेंचवरून तसलाच दुसरा.

पण लेखकाला झोंबतं ते थंडरच्या घडणीचं. त्यांनीही आपला मोठा खेळाडू दिला होता. 2019 मध्ये पॉल जॉर्जला लॉस एंजलिस क्लिपर्सकडे पाठवलं. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा पोरगेला खेळाडू घेतला, शिवाय पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडींचा गठ्ठा. त्याच गठ्ठ्यातल्या एका निवडीतून 2022 मध्ये जेलन विल्यम्स आला, तोही बाराव्या क्रमांकावर. 2025 मध्ये गिल्जस-अलेक्झांडर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि विल्यम्स त्याचा उजवा हात. देणंघेणं सगळेच करतात. थंडर पावती जपून ठेवतात.

म्हणून 6 जून 2025 च्या सकाळी, थंडर विरुद्ध पेसर्स फायनलच्या पहिल्या सामन्यात, सौभाग्यवतींचं म्हणणं बिनचूक वाटत होतं. पेसर्सनी पूर्वार्धातच 19 वेळा चेंडू गमावला होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये थंडर खरोखरच पंधराने पुढे. लेखकाने डबा घेतला आणि तो निघाला.

डोंबिवलीला लोक चढले आणि लेखकाचा मोबाइल धरलेला हात डोक्यावरच्या कडीजवळ अडकला तो खाली येईना. कानात इअरफोनचं एक बोंडूक, त्यात कॉमेंट्रीचा आवाज चढत चाललेला, आणि पडदा दिसतोय मागच्या अनोळखी गृहस्थाला. त्या माणसाने बास्केटबॉल कधी पाहिला नसावा. पण गर्दीत दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये बघायची सवय होती. ‘तो निळ्यातला नाचतोय,’ त्याने कळवलं. ‘पिवळ्यातला?’ ‘अहो, पिवळं-निळं दोन्ही आहे. पण आनंद झालाय त्याला.’ हॅलिबर्टनने चेंडू टाकला तेव्हा घड्याळात 0.3 सेकंद उरले होते. 111-110. सबंध सामन्यात पेसर्स पुढे होते ते एवढेच. नियमाप्रमाणे चेंडू झेलून मारायला किमान 0.3 सेकंद शिल्लक असावे लागतात, म्हणजे थंडरला कायद्याने एक संधी उरली होती. ती हुकली.

‘पंधराने पुढे होते ना?’ लेखकाने संध्याकाळी घरी विचारलं. ‘मग तुम्ही गाडी सोडायला हवी होती,’ उत्तर आलं.

मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. 23 जूनचा सोमवार, पहाटे साडेपाच. हॅलिबर्टन पोटरीच्या दुखापतीसकट उतरला, पहिल्याच क्वार्टरमध्ये लांबून तीन बास्केट केल्या आणि मग टाचेमागची शीर तुटून कोसळला. तरीही मध्यंतराला पेसर्स एका गुणाने पुढे होते. उत्तरार्धात थंडरचा बेंच, डिफेन्स आणि तरणे पाय कामी आले. 103-91. मोठ्या मालिकेत भरलेला बेंच जिंकतो, हे लेखकाचं म्हणणं सिद्ध झालं. ते ऐकायला ग्रुपमधलं कोणीच जागं नव्हतं. सोमवारी सकाळी चौथ्या सीटवरचा माणूससुद्धा झोपतो.

त्यानंतर किंग्जचा विषय संपेल असं वाटलं होतं. पण 17 डिसेंबर 2025 ला, आपल्याकडच्या सकाळी, लास व्हेगासमध्ये एनबीए कप या सीझनमधल्याच वेगळ्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. निक्सनी सॅन अँटोनियो स्पर्सना 124-113 असं हरवलं. निक्सचे कोच माइक ब्राऊन. किंग्जचा 16 सीझनचा दुष्काळ संपवल्याबद्दल 2023 मध्ये एकमताने सर्वोत्तम कोच ठरलेले आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याच किंग्जने काढलेले. हरलेल्या स्पर्सकडून खेळत होता डिअ‍ॅरन फॉक्स. वरळीला 2019 मध्ये किंग्जच्या जर्सीत आलेला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सॅन अँटोनियोला पाठवलेला. या खेपेला दोन्ही बाजूंनी माहेरचीच माणसं.

ग्रुपमध्ये कल्याणला चढणारे एक सीए आहेत. किंग्ज जिंकले का, असं ते आता विचारतच नाहीत. ‘या महिन्यात कोणाला काढलं?’ एवढंच विचारतात, नाव डायरीच्या मागच्या पानावर टिपून ठेवतात आणि जूनच्या फायनलसाठी चहाची पैज त्या नावावर लावतात.