सासर शुक्रवारी कळेल

हैदराबादजवळच्या चिलकूरच्या व्हिसा बालाजीचा हिशेब रोकडा आहे. नवस बोलताना 11 प्रदक्षिणा, फळला की 108. अमेरिकेत रेसिडेन्सी मागणाऱ्या हैदराबादी डॉक्टरला इतका सरळ व्यवहार पुढे कुठेच भेटत नाही. जानेवारी 2022पासून तिथल्या परवाना परीक्षेच्या स्टेप वनचे गुण बंद झाले, ताण कमी व्हावा म्हणून. ताण उठला आणि स्टेप टूच्या गुणांवर जाऊन बसला. वर ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे पदरचे डॉलर मोजून, रुग्णाला हात न लावता, हाताची घडी घालून उभं राहायचं. परक्या डॉक्टरची पारख नको का? हवीच. परदेशात शिकून आलेल्यांना आपणही एफएमजीई परीक्षेच्या चाळणीत घालतोच. पण त्या चाळणीत 300पैकी 150 मिळाले की सुटका. डॉक्टर आणि रुग्णालय यांची जोडी जुळवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘मॅच’मध्ये मात्र मार्चातल्या सोमवारी लग्न ठरल्याचं कळतं, सासर कुठलं ते शुक्रवारी.