निःशब्द अर्ज

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनात, १९५२च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकावरील त्या विख्यात चित्रात, तरुणाच्या सदऱ्यावरील मांजरे तरुणीच्या साडीवरील उंदरांकडे एका अक्षराच्याही साह्याविना रोखून पाहतात, हे अवलोकून हिवरखेडच्या एका सद्गृहस्थांस अशी काही स्फूर्ती झाली की त्यांनी आपल्या रखडलेल्या फेरफाराचा अर्जच चित्ररूपाने कचेरीत दाखल केला: पऱ्हाटीच्या धुऱ्यावर दोन भाऊ, मध्ये ताणलेली जरीब, आणि लांबवर खुर्चीच्या पाठीस अडकविलेला कोट, ज्यात मनुष्य मात्र नाही. कोट कोणाचा, हे अव्वल कारकुनापासून शिपायापर्यंत सर्वांनी तत्क्षणी ओळखले (कलेला याहून मोठी दाद ती कोणती?) आणि यथेच्छ हसून झाल्यावर कागदावर रीतसर शेरा पडला: ‘विनोदाचा लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा, तोवर प्रकरण तहकूब.’