गळे कापले म्हणे पोरांचे!

अहो, ऐकलंत का? त्या लोअर ईस्ट साइडच्या बायका! १९०६चा जून, ऐन शाळेची वेळ, आणि न्यूयॉर्कात या पदर खोचून... आता पदर कुठला त्यांना, पण समजून घ्या... शेकड्यांनी शाळांवर चालून गेल्या. दगड काय, काचा काय, पोलीस बोलवायला लागले हो! का, तर म्हणे डॉक्टर शाळेत पोरांचे गळे कापतायत.

गळे कसले? ॲडिनॉइड्स काढले होते. नाकामागं मांस वाढतं बघा, पोर सदा तोंड उघडं टाकून श्वास घेतं, धड ऐकू येत नाही, आणि बाई म्हणतात मठ्ठ आहे. शाळेतल्या तपासणीत अशी कितीतरी निघाली. दवाखान्यात न्यायचं तर आईबापांचा रोज बुडतो, म्हणून माउंट सायनाय हॉस्पिटलचे डॉक्टरच शाळेत आणले. सोय बघायला गेले आणि... पोरं रक्त थुंकत घरी आली. कोण आई गप्प बसेल? चिठ्ठीवर सह्या घेतल्या होत्या म्हणे. घेतल्या असतील, पण चिठ्ठी इंग्रजीत आणि घरात सगळं यिडिश! त्यात त्याच महिन्यात तिकडं रशियाच्या राज्यात, बियालिस्टोकला, ज्यूंची कत्तल झालेली. असल्यातूनच तर जीव घेऊन पळून आलेली माणसं ही...

तर काय सांगत होते? हां, तपासणी. ती १८९७पासूनचीच. पण डॉक्टर यायचा, उवा, नायटा, खुपऱ्या दिसल्या की "चल घरी!" संपलं. औषध कोण करणार? आणि संध्याकाळी तेच पोर गल्लीत त्याच पोरांबरोबर खेळायला हजर! मग हेन्री स्ट्रीटवर नर्सांची संस्था चालवणाऱ्या लिलियन वाल्डबाईंनी १९०२च्या ऑक्टोबरात आपली लीना रॉजर्स दिली धाडून. चार शाळांना मिळून एक नर्स, महिनाभर, ट्रायल म्हणून. ती शाळेतच मलम लावायची, वर घरोघरी जाऊन आयांना दाखवायची, असं धुवा, असं पुसा. मग काय, भराभर आणखी नर्सा नेमल्या. आकडा पाठ आहे माझा, १९०२च्या सप्टेंबरात १०,५६७ पोरं घरी धाडलेली, पुढच्या सप्टेंबरात १,१०१! काय चेहरे पडले असतील हो त्या "चल घरी"वाल्यांचे...

एवढी शहाणी बाई घरोघरी फिरत होती, आणि चार वर्षांनी कापाकापी करताना कुणाला आधी घरी जाऊन सांगावंसं वाटू नये?

शेवटी शाळा सोडून दिल्या. पोरं बाहेर आली, गळे जागच्या जागी. आयांचा जीव भांड्यात, पोरांना फुकटची सुट्टी.

पण आवई उठवली कुणी? जरा इकडं या... तिथल्याच खासगी डॉक्टरांनी, म्हणे! शाळेत फुकट ऑपरेशनं झाली तर यांची फी बुडणार ना. मी नाही हं म्हणत, तेव्हाचे पेपरवालेच म्हणत होते.