वालधुनी शेतीला पास!

दहावीत पस्तीस टक्के पडलेल्या पोराचंही आपल्याकडे बॅनर लागतं. मग उल्हासनगरच्या कॅम्प ५ च्या नाक्यावर वालधुनी नदीचं का लागू नये? शेतीला पाणी पुरवायच्या परीक्षेत पास व्हायला तिला फार कष्ट पडू नयेत, कारण पेपरच तसा काढलाय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे 'ए' ते 'ई' असे वर्ग केलेत. सिंचनाचं पाणी 'ई' वर्गात, म्हणजे शेवटच्या बाकावर. तिथे प्रश्न चारच: सामू ६ ते ८.५ आहे का, विद्युतवाहकता २२५० च्या आत आहे का, सोडियमचं गुणोत्तर २६ च्या आणि बोरॉन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत आहे का. घंटा झाली, पेपर द्या. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे सगळे धडे ऑप्शनला!

कारखान्यांच्या सांडपाण्याचा तक्ता तर बघण्यासारखा. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत, सांडपाणी कुठे सोडायचं त्याप्रमाणे रकाने पाडलेत. नदीत सोडणार असाल तर शिसं लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. समुद्रात २ चालेल. आणि सिंचनासाठी जमिनीवर सोडणार असाल तर? त्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. शिशापुढे रेघ, कॅडमियमपुढे रेघ, क्रोमियमपुढेही रेघच. आर्सेनिकचा आकडा तेवढा दिलाय. बहुधा डिटेक्टिव्ह कथांमुळे ते नाव साहेबांच्या ओळखीचं असावं.

नदीचं खानदान मात्र मोठं. शिलाहारांनी १०६० मध्ये तिच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर उभं केलं. पुढे उल्हासनगरचे कॅम्प आले, मग एमआयडीसी, मग जीन्स. कॅम्प ५ च्या गायकवाड पाड्यात पँट शिवून झाली की तिच्या मांडीवर, गुडघ्यावर पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारायचे. तेवढा भाग आधी जांभळा, मग तपकिरी होतो. दुसऱ्या रसायनात बुचकळला की पांढुरका. पँट चार वर्षं वापरल्यासारखी दिसते आणि मँगनीज धुवणाच्या पाण्याबरोबर गटारात जातं. नवी पँट जुनी करून द्यायला गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं, जुनी नदी नवी करायचं म्हटलं की सगळ्यांचे खिसे फाटके. कोर्टाच्या दणक्याने तिथले धुलाईचे कारखाने बंद झाले, काही आसपासच्या गावांत सरकले. गावांत काय असतं? शेती!

नदीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही असं मात्र नाही. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे वडोलगावाजवळ टँकरमधलं रसायन पात्रात ओतलं गेलं आणि शेकडो माणसं गुदमरून इस्पितळात गेली. २०१५ मध्ये हरित लवादाने पालिका, एमआयडीसी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. म्हणजे वास आला की लक्ष जातं. कॅडमियमची पंचाईत हीच, की त्याला वास नाही, रंग नाही आणि असल्या पाण्यावर वाढलेला पालक त्यानं कोमेजतही नाही. जपानमध्ये जिंझू नदीचं असलं पाणी वर्षानुवर्षं भातखाचरांत जात राहिलं, बायकांची हाडं कडाकड मोडू लागली. हा आजार प्रदूषणाचाच, असं तिथल्या सरकारने म्हणायला १९६८ उजाडलं.

आपण आशावादी राहू. पालकात लोह असतं म्हणून डॉक्टर खायला सांगतात. नाल्याच्या पाण्यातून प्लेटिंगच्या गाळ्यांतलं क्रोमियम-निकेल त्यात मिसळलं की झालं स्टेनलेस स्टील. माणूस गंजायचा नाही.

परवा बाजारात एक काकू पालकाच्या जुड्या उलटसुलट करून बघत होत्या.

"मिठाच्या पाण्यात ठेवला की सगळं निघून जातं," त्या मला म्हणाल्या.

"काकू, मिठाने माती जाईल, किडे जातील. कॅडमियम मुळातून वर चढून पानात बसलेलं असतं."

काकूंनी जुडी खाली ठेवली आणि भाजीवालीला विचारलं, "कुठल्या पाण्यावरचा गं हा? काही दाखला-बिखला आहे?"

"दाखला पायजे तर मॉलमधी जा, काकू," ती जुडी परत रचत म्हणाली. "तिथं पन माल आमचाच जातोय."