नानांचे नान

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावर आणि घाटाखाली. घाटावरचा माणूस थंड हवेचा तोरा मिरवतो, घाटाखालचा कापसाचा. पण एक जात दोन्हीकडे सारखीच उगवते : ‘हॉटेलातलं घरी करणारा’. तो चिखलीत असतो, मेहकरात असतो, मलकापुरातही असतो. आमच्या खामगावच्या गल्लीतला नग कारकुनीतून निवृत्त झाला आणि दोनच महिन्यांत लसणाच्या नानकडे वळला. खरं नाव काही का असेना, गल्लीने त्यांचे नाना केले आणि त्याच न्यायाने त्यांच्या मंडळींची नानी झाली.

उगम एका ढाब्यावरचा. बिलात गार्लिक नान साठ रुपयांचा एक. नानांनी कागदी रुमालावर तिथंच हिशेब मांडला. मैदा, दही, लोणी, लसणाच्या चार पाकळ्या. ‘‘नऊ रुपये! अन् हा साठ घेते!’’ या नऊ रुपयांत पुढे आणलेला नॉनस्टिक तवा, लोण्याचा ब्रश, वजनकाटा आणि गॅस धरलेला नाही. २०२४ मध्ये लसूण किलोला चारशेवर गेला, तेव्हाही नाना मागे हटले नाहीत. पाकळ्या मोजून देऊ लागले, इतकंच.

उभा जन्म फायलींत गेलेला, म्हणून नानचीही नस्ती उघडली. कोमट पाण्यात यीस्ट आणि चिमूटभर साखर. फेस आला की ‘आवक’. एकदा घाईत कढत पाणी ओतलं. यीस्ट जागीच गेलं आणि पीठ रुसलेल्या जावयासारखं बसून राहिलं. नस्तीवर शेरा पडला, ‘प्रकरण प्रलंबित’. मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, खामगावात तेच पीठ पाऊण तासात झाकण ढकलून बाहेर डोकावलं. डिसेंबरात चिखलीला सासुरवाडीत मात्र अडीच तास ढिम्म. तेव्हापासून नानांचं सूत्र ठरलं : घाटाखाली नान, घाटावर धीर.

झाकण उचलून पिठात डोकावतानाचा त्यांचा चेहरा पाहावा. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळला पीकपाण्याच्या भाकितासाठी घटमांडणी वाचतात, तेव्हाच एवढं गांभीर्य दिसतं. तिथे पुरी म्हणजे पृथ्वी. ती जागची हलली की पृथ्वीवर संकट. इथे पीठ जागचं हललं नाही की घरावर.

‘आज नान मी करणार’ या वाक्याचा अर्थ असा : लसूण नानी सोलते, कोथिंबीर सून चिरते, नातू पंखा बंद करतो आणि ओटा पुन्हा नानीच पुसते. नाना लाटतात. नान तळहाताएवढे, कारण त्याहून मोठा लाटला की पोळपाटावरून उचलेपर्यंत त्याचा पाय लांब होतो. पण ‘मिनी’ म्हटलं की उणीव नाही, फॅशन ठरते. घरच्या म्हाताऱ्या आजी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजण्यात हयात घालवलेल्या. त्यांनी एक नान उलटापालटा करून पाहिला आणि निकाल दिला, ‘‘हे तं रोडग्याचं पोरगं दिसते बाप्पा. आजारी.’’

तंदूर नसला की नानला एका बाजूने पाणी लावून तव्याला चिकटवायचा आणि तवाच उलटा करून जाळावर धरायचा, हे नानांनी मोबाइलवर पाहिलं होतं. गल्लीतल्या चौघांना बोलावून त्यांनी तो सोहळा मांडला. नान टाकला, तवा ऐटीत उलटा केला. काही चिकटू नये म्हणून जन्मलेल्या त्या तव्याने आपला धर्म पाळला. नान थेट बर्नरवर. करपल्या लसणाचा कडवट धूर थेट चौकापर्यंत गेला. दुसरा नानही गेला. तिसरा अर्धवट लोंबकळला आणि पंचांच्या डोळ्यांदेखत हात सोडून गेला. ‘‘मैद्यात दम नाही,’’ नाना म्हणाले.

तेव्हा नानी भाकरीचा काळाकुट्ट लोखंडी तवा घेऊन आली. ‘‘आवो, ह्यो घ्या. अन् पानी शिंपडू नोका, सारं अंग ओलं करा. भाकरीले पानी वरून, तुमच्या नानले खालून. येवढाच तं फरक हाये.’’

तवा उलटा झाला. नान घट्ट धरून राहिला, फुगला, त्याच्यावर तपकिरी ठिपके उठले. वरून लोणी फिरलं आणि लसणाचा असा वास सुटला की पंचांनी निकाल द्यायच्या आधीच पुरावा खाऊन टाकला. खरं सांगतो, ढाब्यापेक्षा सरस होता.

रात्री नाना डबा घेऊन आमच्या दारात. मागे ठेच्याची वाटी घेऊन नानी.

‘‘संशोधन केलं भाऊ म्या,’’ डबा उघडत नाना म्हणाले. ‘‘भाकरीले पानी वरून, नानले खालून. हे कोनाले ठाऊक नसते.’’

मी नानीकडे पाहिलं. तिने वाटी शांतपणे टेबलावर ठेवली.

‘‘हाव ना,’’ ती म्हणाली. ‘‘लय अभ्यास हाये त्यायचा.’’