पाटी नसलेला दवाखाना

कऱ्हाडच्या अलीकडं जा, नाहीतर तासगावच्या पलीकडं. गावच्या पारावर एक आप्पा सापडतातच. ऐन उमेदीत कुणा डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून काही वर्षं काढलेली असतात. डॉक्टर शहरात निघून गेले, आप्पा गावाच्या वाट्याला आले. पाटी नाही, फी नाही आणि शंका तर कधीच नाही.

विळा लागून कुणी रक्ताळलेलं बोट घेऊन आलं, की आप्पांचा पहिला प्रश्न बोटाबद्दल नसतो. "कुणाचा रं तू?" घराणं कळलं की निम्मं निदान झालं. "तरीच! तुझ्या आज्याचंबी रगात थांबायचं न्हाई." मग बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडतो. त्यात लाल औषध, निळं औषध, राखी रंगावर गेलेला कापूस आणि सकाळीच मिशा कातरून झालेली कात्री. पण सगळ्यांआधी मान हळदीचा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आप्पांनी वैयक्तिक सत्कार म्हणून स्वीकारलंय. "सरकारनं शिक्का मारलाय, आता तरी ऐका!" शिक्क्यानं जखमेतली माती निघत नाही, ती वाहत्या पाण्यानं धुवावी लागते, धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं बघावं लागतं, हे सांगून आरोग्यसेविका थकली. आप्पा तिलाही विचारतात, "तुम्ही कुनाच्या?"

गुऱ्हाळं पेटली की आप्पांचा हंगाम. काहिलीतला उकळता रस हातावर उडतो आणि आप्पांच्या डोक्यात किराणा दुकान उघडतं: टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, काहीच नसलं तर दौतीतली शाई. शहाणा गुळव्या भाजलेल्याचा हात पाण्याच्या धारेखाली धरून उभा असतो, तर आप्पा लांबूनच ओरडत येतात, "पानी लावू नगा, फोड येत्याल!" फोड पाण्यानं येत नाहीत, आत मुरलेल्या आचेनं येतात. साधं थंड पाणी वीसेक मिनिटं सोडलं की ती आच उतरते. वर टूथपेस्ट थापली की पुढं डॉक्टरला आधी दात घासल्यागत हात घासावा लागतो.

हा माणूस निव्वळ थापाड्या असता तर गावानं कधीच पारावरनं उठवला असता. पण डोक्याला मार लागला की आप्पा वेगळेच होतात. उसाच्या ट्रॉलीवरनं कुणी पडलं, की कांदा हुंगवायला धावलेल्याला पहिली शिवी बसते, पाणी पाजणाऱ्याला दुसरी. मान कुणाला हलवू देत नाहीत. "वकला का? गुंगी आलीया का? नाकाकानातनं पान्यावानी काय गळतंय का?" यातलं एकही असलं, किंवा गडी नुसता बेशुद्ध पडून उठला असला, तरी आप्पा 108 ला फोन लावतात. जुन्या डॉक्टरांकडं त्यांनी एक पोरगं पाहिलं होतं. पडल्यावर हसतबोलत घरी गेलं आणि रात्रीत संपलं. बाकी सगळं आप्पा विसरले, तेवढं विसरले नाहीत.

राहिला कान. पोराच्या कानात ठणका लागला की लसूण कडवलेल्या तेलाचे दोन थेंब, हा आप्पांचा ठरलेला उपाय. पडदा फाटलाय का, हे ते मोबाईलच्या उजेडात बघतात आणि "लाल हाय" एवढंच सांगतात. वाहत्या कानात तेल सोडायचं नसतं, तो कोरडा ठेवून डॉक्टरला दाखवायचा असतो. मागं खुद्द आप्पांचाच कान वाहायला लागला. लसणीला हातही न लावता त्यांनी पहाटेची पहिली एसटी धरून मिरज गाठली. वॅनलेस साहेबांनी 1894 साली तिथं इस्पितळ काढल्यापासून या मुलखाची दुखणी मिरजेलाच जातात, त्यात नवल नाही. परत आल्यावर पारावर कुणीतरी लसणीची आठवण काढलीच. आप्पा म्हणाले, "माझं प्रकरन येगळं हाय."

तेव्हा गावात कुणी डोक्यावर आपटलं तर आप्पांना जरूर हाक मारा. भाजलं-कापलं तर आधी नळ सोडा. आप्पांना सवडीनं कळवलं तरी चालतं.